बंदुकीला बुजलेला कुत्रा ‘तयार’ म्हणून कसा विकला जातो

मिनेसोटा, आयोवा, साउथ डकोटा, कॅन्सस या भागात नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी काही जण शेजाऱ्यांच्या, सहकाऱ्यांच्या ओळखीने फेझंट या लांब शेपटीच्या, कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीकडे वळतात. तिथली मुलं हे सगळं वडिलांच्या मागे गवत तुडवत शिकलेली असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढे १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा विषयच संपला, तेव्हा घरात विचारायला कोणी नाही. शिकारी कुत्र्यांच्या बाजारात नेमकं असं गिऱ्हाईक हवं असतं: हातात पैसे आहेत, उत्साह आहे, आणि कुत्र्यात काय पाहायचं ते माहीत नाही.

मिनेसोटातल्या एका मराठी कुटुंबाच्या बाबतीत जे घडलं ते इथे क्रमाने देत आहोत. नावं, गाव, विक्रेत्याची ओळख मुद्दाम गाळली आहे. व्यवहाराची पद्धत मात्र नीट वाचा, कारण ती ठरलेली असते.

जाहिरात अशी होती: जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर (पक्षी हुडकून दाखवणारी शिकारी जात), नर, १४ महिने, ‘स्टार्टेड’, ४,५०० डॉलर. स्टार्टेड म्हणजे पाया झालेला कुत्रा. पक्ष्याचा वास लागला की थबकून उभा राहतो, काही क्षण तरी पॉइंट धरतो, म्हणजे पक्ष्याच्या दिशेने न हलता उभा राहून दाखवतो, बोलावलं की येतो, आणि त्याच्यासमोर पक्षी उठवून बंदूक चालवलेली असते. आठ आठवड्यांचं पिल्लू याहून बरंच स्वस्त पडतं, पण त्यामागे वर्षभराची मेहनत, कबुतरं, लावे, मोकळी जमीन लागते. ही मेहनत दुसऱ्याने केली असेल तर चार पैसे जास्त देण्यात चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की ‘स्टार्टेड’ या शब्दाला कुठल्याही संस्थेची व्याख्या नाही. विक्रेता म्हणेल तो स्टार्टेड.

जाहिरातीसोबत एक छोटा व्हिडिओ होता. कुत्रा आखूड गवतात येतो, एकदम ताठ होतो, शेपूट वर, पुढचा पाय उचललेला. माणूस चालत जातो, लावा उडतो, व्हिडिओ संपतो. मागे संगीत. नवख्याला हे पाहून भरून येतं. जाणकाराला यात चार गोष्टी खटकतील. माणूस गवताच्या नेमक्या एका झुबक्याकडे सरळ जातो, म्हणजे पक्षी त्यानेच ठेवलेला आहे. लावा पायाशी येईपर्यंत हलत नाही, म्हणजे पिंजऱ्यात वाढलेला, आणि बहुधा गरगरवून, डोकं पंखाखाली घालून निजवलेला. कुत्र्याच्या मागे गवतात दोरी घसरताना दिसते. आणि बंदूक कुठेच नाही. पक्षी उडाल्यावर बार व्हायला हवा, तिथेच व्हिडिओ कापलेला आहे. पहिल्या तिन्ही गोष्टी शिकवताना सगळेच करतात, त्यात लबाडी नाही. चौथी गोष्ट मात्र विचारायलाच हवी होती.

विचारली तेव्हा उत्तरं आली ती अशी: शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो, हंगाम संपलाय, बर्फ आहे, ‘याच्यावर भरपूर बार झालेत, काळजी करू नका.’ फेब्रुवारीत, दोन्ही गावांच्या मध्यावर, हायवेलगतच्या पेट्रोल पंपाच्या आवारात कुत्रा हाती आला. पैसे आदल्या रात्रीच झेलवरून (Zelle, बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकेतली सेवा) गेले होते. सोबत कागदांची फाइल, लसींचं कार्ड, लांबलचक वंशावळ. करार नाही.

घरात कुत्रा उत्तम होता. एप्रिलमध्ये मोकळ्या शेतात त्याच्यासमोर कबूतर सोडलं आणि शंभर पावलांवरून नुसत्या आवाजाचा बार केला. कुत्रा धावता धावता जागीच वळला आणि गाडीखाली जाऊन बसला. पुढच्या वेळी बंदुकीची पिशवी पाहूनच तो गाडीतून उतरेना. त्याहून वाईट चिन्ह नंतर दिसलं. वाऱ्यावर पक्ष्याचा वास आला की नाक क्षणभर त्या बाजूला वळायचं, आणि लगेच तो तोंड फिरवून मालकाच्या पायामागे यायचा. याला इंग्रजी बोलणारे शिकारी ‘ब्लिंकिंग’ म्हणतात. नुसत्या आवाजाला घाबरलेला कुत्रा पक्षी शोधायचं सोडत नाही. पक्षी सापडला की मागून तो भयंकर आवाज येतो, अशी गाठ ज्याच्या डोक्यात पक्की बसलीय तोच पक्षी टाळतो. दूरवरच्या एका बारात अशी गाठ सहसा बसत नाही.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं उत्तर एका वाक्याचं होतं: ‘माझ्याकडे होता तेव्हा ठीक होता, तुम्हीच बिघडवलात.’

या फसवणुकीचं सगळं बळ या एका वाक्यात आहे. मोडकं यंत्र मिळालं तर ते आधीच मोडलं होतं हे दाखवता येतं. कुत्रा कोणी बुजवला हे ताबा घेतल्यानंतर सिद्ध करणं फार अवघड. खरेदीदार नवखा असेल तर दोष त्याच्यावर ढकलणं आणखी सोपं. म्हणून बाराची परीक्षा पैसे देण्याआधीच व्हायला हवी.

कुत्रा बुजतो कसा, हेही समजून घ्या. बुजरेपणा जवळजवळ नेहमी माणसाने केलेला असतो. योग्य क्रम असा: साधारण पाच-सहा महिन्यांपासून आधी फक्त पक्षी. कुत्रा पक्ष्यासाठी वेडा होईपर्यंत बंदुकीचं नाव नाही. मग कबूतर उडालं, कुत्रा त्याच्यामागे सुटला की मदतनिसाने ८० ते १०० पावलांवरून कोऱ्या काडतुसाचा एक हलका बार करायचा. कुत्र्याने मागे वळूनही पाहिलं नाही तर काम झालं. थबकला तर तिथेच थांबायचं आणि पुढचे कितीतरी दिवस पुन्हा नुसते पक्षी. एका वेळी एक-दोन बार, अंतर दर खेपेला थोडंच कमी. जवळ आल्यावर २० बोअरची हलकी काडतुसं, १२ बोअर सगळ्यात शेवटी (बोअर म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद). याला धीर लागतो आणि पक्ष्यांवर खर्च होतो. ज्याला दोन्ही नको असतं तो ‘सवय व्हावी’ म्हणून पिल्लाला चिकणमातीच्या तबकड्यांवर नेमबाजी चालते तिथे बांधून ठेवतो, नाहीतर हंगामाच्या पहिल्या दिवशी आठ-दहा बंदुकांच्या रांगेत नेतो. कुत्रा एका दिवसात बिघडतो, आणि मग जाहिरातीत येतो.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा अशी घ्या. कुत्रा तुम्ही स्वतः जाऊन पाहा, विक्रेत्याच्या सरावाच्या शेतात नको, त्याला नवख्या जागी. दोन-तीन लावे किंवा कबुतरं तुम्ही घेऊन जा, आणि जाणता माणूस सोबत न्या. पक्षी त्याने ठेवावेत, कुठे ते विक्रेत्याला कळू नये. वारा आडवा असेल अशा बाजूने कुत्रा सोडायला सांगा, दोरीशिवाय. खरं काम करणारा कुत्रा पक्ष्यापासून काही पावलं आधीच मान झटक्यात वळवतो आणि थांबतो. पक्ष्यावर पाय पडेपर्यंत काही कळत नसेल तर नाक कच्चं आहे किंवा वय. मग पक्षी उठवून, कुत्रा मागे धावत असताना बार विक्रेत्यालाच करू द्या. तुम्ही करू नका. त्याने केला तर पुढे ‘तुम्ही बिघडवलात’ म्हणायला जागा उरत नाही, आणि तो करायला तयार नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

बार झाल्यावर पक्ष्याकडे पाहू नका, कुत्र्याकडे पाहा. चांगला कुत्रा धावत राहतो किंवा पक्षी कुठे पडला ते शोधत डोकं वर करतो. कान मागे चिकटणं, शेपूट खाली जाणं, वळसा घालून गाडीकडे येणं, एकाएकी जमीन हुंगत बसणं, ही सगळी घाबरल्याची चिन्हं. पण खरी परीक्षा यानंतर आहे. पाच मिनिटं जाऊ द्या आणि कुत्र्याला पुन्हा शोधायला सोडायला सांगा. थोडा बुजलेला कुत्रा पहिला बार निभावून नेतो, दुसऱ्यांदा मात्र तो माणसापासून वीस पावलांपलीकडे जात नाही, सारखा मागे वळून हातात काय आहे ते पाहतो. शेवटी पिशवीतून बंदूक काढताना त्याच्या नजरेसमोर काढायला सांगा. काम आवडणारा कुत्रा उड्या मारतो.

इथे एक वेगळा इशारा. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघराज्य कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. तिथल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना जवळ असणं हा त्यातला नेहमीचा अपवाद. काही राज्यांत खाजगी प्रिझर्व्हवर (पैसे घेऊन शिकार करू देणाऱ्या राखीव जागेवर) पाळीव पक्षी मारायला राज्याचा परवाना लागत नाही, म्हणून तिथले लोक ‘कागदपत्रं काही नकोत, या’ असं सांगतात. ते राज्याच्या नियमापुरतं खरं असेलही, पण परवाना नसेल तर व्हिसावाल्याचा अपवादही नाही. आधी शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मगच बंदुकीला हात.

आता कागद. त्या फाइलमध्ये ‘ओएफए सर्टिफाइड हिप्स’ असं लिहिलेलं एक पान होतं, आणि तेवढ्यावरून विक्रेत्याची लबाडी ओळखता आली असती. ओएफए ही कुत्र्यांच्या सांध्यांच्या तपासणीचे दाखले देणारी अमेरिकेतली संस्था. ती खुब्याच्या सांध्याचा अंतिम दाखला कुत्रा २४ महिन्यांचा झाल्याशिवाय देत नाही. त्याआधी मिळतो तो प्राथमिक अभिप्राय. १४ महिन्यांच्या कुत्र्याचा अंतिम दाखला असूच शकत नाही. आईबापांचे दाखले मात्र असायला हवेत. त्यांच्या क्रमांकात जातीची आद्याक्षरं, अनुक्रमांक, मग दर्जाचं अक्षर, तपासणीच्या वेळचं वय महिन्यांत आणि लिंग असं सगळं असतं. दर्जा एक्सलंट, गुड किंवा फेअर असेल तर उत्तीर्ण. ओएफएच्या संकेतस्थळावर कुत्र्याचं नोंदणीकृत नाव टाकलं की हे फुकट दिसतं. नाव सापडलं नाही तर तोंडी खुलासे ऐकत बसू नका.

एकेसीची (अमेरिकन केनेल क्लब, कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) नोंदणी म्हणजे आईबाप त्या जातीचे म्हणून नोंदलेले आहेत, एवढंच. कुत्र्याला काम येतं असा तिचा अर्थ नाही. काम येतं हे सांगणारे कागद वेगळे: एकेसीची ज्युनिअर हंटर पदवी चार परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळते, नॅव्हडा या शिकारी कुत्र्यांच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची नॅचरल ॲबिलिटी (उपजत गुणांची) परीक्षा कुत्रा १६ महिन्यांचा होईपर्यंत देता येते, तिचे गुण ११२ पैकी असतात, आणि तिथे पक्ष्यावरचं काम आणि बाराला मिळणारा प्रतिसाद परीक्षक स्वतः पाहतात. गुणपत्रिका मागा. ‘चॅम्पियन ब्लडलाइन’ असेल तर चॅम्पियन कितव्या पिढीत आहे ते मोजा, पणजोबा असेल तर त्याचे पैसे देऊ नका.

या कुटुंबाच्या मदतीला शेवटी मायक्रोचिप आली, म्हणजे कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप. पशुवैद्याने यंत्र फिरवल्यावर १५ आकडी क्रमांक मिळाला, तो फाइलमध्ये कुठेच नव्हता. चिपच्या कंपनीने नोंदलेल्या माणसाशी संपर्क साधला, तर तो तिसराच निघाला: त्यानेही हाच कुत्रा ‘स्टार्टेड’ म्हणून घेतला होता आणि बाराला घाबरतो म्हणून त्याच विक्रेत्याला परत केला होता. त्याने तसं लिहून दिलं. ते पत्र जोडून छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जायची तयारी केली, तेव्हा विक्रेत्याने काही रक्कम परत केली. सगळी नाही. चिप खरेदीआधी तपासली असती तर हे सगळं आधीच कळलं असतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक दवाखान्यांत त्याचे पैसेही घेत नाहीत.

करारात ही वाक्यं असू द्या: हा कुत्रा १२ बोअरच्या बाराला बुजत नाही, १४ दिवसांत बुजरेपणा दिसला तर पूर्ण रक्कम परत, ७२ तासांत पशुवैद्याची तपासणी, हार्टवर्मच्या (हृदयात वाढणाऱ्या जंताच्या) चाचणीसह, चिपचा क्रमांक अमुक. पैसे क्रेडिट कार्डाने द्या. झेलने स्वतःहून पाठवलेले पैसे परत मिळणं फार कठीण असतं.

दुसरा एक प्रकार थोडक्यात. कुत्रा दोन-तीन महिने प्रशिक्षकाकडे ठेवतात, तिथे काही जण दरमहा पैसे आणि पक्ष्यांचं वेगळं बिल घेतात, पण कुत्रा पिंजऱ्याबाहेर निघतच नाही. दर आठवड्याचा न कापलेला व्हिडिओ मागा आणि न कळवता एकदा जाऊन या. रोज धावणाऱ्या कुत्र्याच्या पायाचे तळवे कडक असतात आणि मांड्या भरलेल्या. मऊ तळवे आणि वाढलेली नखं घेऊन आलेला कुत्रा कुठे होता ते विचारा.

फसलात तर जाहिरात, व्हिडिओ, सगळे संदेश विक्रेत्याने पुसून टाकण्याआधी जतन करा. तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक विभागात आणि एफटीसीकडे (ग्राहक संरक्षण पाहणारा संघराज्याचा आयोग) नोंदवा. व्यवहार इंटरनेटवरून ठरला असेल तर एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडेही. कुत्र्याला लगेच ‘सुधारायला’ घेऊ नका. काही महिने बार नाही, बंदूक दिसायला नको, फक्त मोकळी शेतं आणि उडणारी कबुतरं. तो पुन्हा पक्ष्यामागे मनापासून धावू लागला तर जाणत्या प्रशिक्षकाकडून पहिल्या पायरीपासून सुरुवात होऊ शकते. काही कुत्रे सावरतात, काही नाही. सावरला नाही आणि दुसऱ्या घरी द्यावा लागला, तर तो बंदुकीला बुजलेला आहे हे कागदावर लिहून, दोघांच्या सह्या करून द्या आणि चिपची नोंद त्याच दिवशी नव्या मालकाच्या नावावर करा.