ओमानची सात दिवसांची सहल: डोंगर-वाळू झकास, वादी शाबचा वार चुकलाय

बेळगावातून निघणाऱ्या या सहलीचा क्रम चांगला लावलाय. चोर्ला घाटातून गोव्याचा मोपा विमानतळ, तिथून मस्कत. आधी डोंगर, मग वाळवंट, शेवटी सूरचा किनारा. दमवणारं सुरुवातीलाच उरकतं.

जेबेल शम्स हा डोंगर सुमारे ३००० मीटर उंच. अल खितयमहून अस साबच्या ओसाड वस्तीपर्यंतची कड्यावरची वाट जाऊन-येऊन ३ ते ४ तासांची. पारगड, कलानंदीगड करणाऱ्यांना ती जड नाही, पण एका अंगाला सरळ दरी आहे. उंचीवर भोवळ येत असेल तर जाऊच नये. वाटेत पाणी मिळत नाही. सहलीत दीड लिटर देतात, माणशी ३ लिटर हवं. डिसेंबरातल्या रात्रीला बेळगावचा स्वेटर पुरत नाही.

वाहिबाच्या वाळूत चालकांचं काम मात्र बघत राहावं असं. बिदियाला थांबून चाकांची हवा ३५ वरून १५-१८ पीएसआयवर आणतात. व्हॉल्व्हची टोपी काढून पिन दाबली की टायर खाली पोट सोडतो, जास्त जागा धरतो आणि गाडी रुतत नाही. डांबरी लागताच हवा परत भरतात. तशीच पळवली तर टायरची बाजू तापून फुटते. त्यांनी यात कुठंही घाई केली नाही, हे मोलाचं.

घोळ वादी शाबला. वादी म्हणजे डोंगरातली नदीची अरुंद दरी. नेतात शुक्रवारी दुपारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आणि होडीलाच रांग. पलीकडे पाऊण तास चाल, मग डोहांतून पोहत गुहेपर्यंत. शेवटच्या फटीतून जेमतेम डोकं जातं. उशीर झाला की गुहा न बघताच परतावं लागतं. रविवारी सकाळी आठला न्यायला हवं. ओल्या दगडावर धरणारे रबरी तळाचे बूट आणि मोबाईलसाठी पाणी न शिरणारी पिशवी सामानाच्या यादीतच नाही. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट निघण्यापूर्वीच मागून घ्या.

पावसाचा अंदाज असेल तर वादी रद्द करायला लावा, पैसे गेले तरी चालतील. खानापूरच्या रानात पाऊस मातीत मुरतो. ओमानात उघडा कातळ, त्यामुळे लांब डोंगरावर पडलेलं पाणी कोरड्या आभाळाखाली अचानक लोंढा होऊन येतं.

सहलीच्या पत्रकावर कासवांचा मोठा फोटो आहे. रास अल जिंझच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं वर्षभर येतात, पण खरा हंगाम उन्हाळ्याचा. डिसेंबरात एखादं दिसलं तरी पुष्कळ.