फाइनवेर्कबाऊ ७०० : रायफल पिढीभर चालेल, सिलिंडर नाही

ही फाइनवेर्कबाऊ या जर्मन कंपनीची दहा मीटर नेमबाजीची एअर रायफल; गोळी ढकलते ती तिच्यावर लावलेल्या सिलिंडरमधली दाबलेली हवा. हिच्यासोबत एक सीझन आणि एक अख्खा पावसाळा काढून लिहितोय. वजन, बॅरल, डायऑप्टर (नेम धरायची मागची साइट) सगळ्यांना माहीत आहे, त्यात जात नाही. रायफलबद्दल तक्रार शून्य. डोकं फिरलंय ते सिलिंडरच्या तारखेवरून.

हवेच्या सिलिंडरला उत्पादनापासून १० वर्षांची मुदत असते. वाल्थर, श्टायर अशा दुसऱ्या कंपन्या घ्या, बहुतेक ठिकाणी तेच. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे मुदतीतला सिलिंडर वापरणं ही नेमबाजाची जबाबदारी आहे आणि उपकरण-तपासणीत तारीख बघितली जाऊ शकते. पण ही मुदत मोजायची सिलिंडरवर कोरलेल्या तारखेपासून, बिलाच्या तारखेपासून नव्हे. विक्रेत्याने (नाव घेत नाही) नव्या रायफलबरोबर तीन वर्षं गोदामात पडून असलेला सिलिंडर माथी मारला. विचारलं तर म्हणे, ‘खोका सीलबंदच होता.’ पैसे दहा वर्षांचे, हातात सात. बदलून दिला नाही की फरक दिला नाही. आयात, कस्टम धरून नवा सिलिंडर काय भावाला पडतो हे ज्यांनी मागवलाय त्यांना विचारा.

सुरुवातीला मला हा नियमच कंपन्यांनी काढलेली पैशाची वाट वाटायचा. पावसाळ्यानंतर मत बदललं. हिशोब करून बघा. दमट हवेत एका घनमीटरला २५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. पाव लिटरचा सिलिंडर २०० बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण २०० पट दाबाला, भरायचा तर ५० लिटर हवा लागते, म्हणजे सव्वा ग्रॅम पाणी. त्यातलं बरंचसं पंपातच साठतं, उरलेलं आत जातं. ड्रायर (हवेतला ओलावा शोषणारी नळी) न लावता हातपंपाने रोज भरणाऱ्याच्या सिलिंडरला आतून काय होत असेल ते बाहेरून दिसत नाही. शिवाय ठरावीक ताणाच्या आत पोलाद कितीही वेळा ताणलं तरी चालतं, ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला तशी सुरक्षित मर्यादा नाही; प्रत्येक भरणीचा थोडाथोडा थकवा साठत जातो. तेव्हा मुदत हवीच. माझा राग आता फक्त गोदामात वाया गेलेल्या वर्षांवर आहे, आणि तो तसाच राहणार.

या कंपनीचं नाव झालं ते मुदत नसलेल्या रायफलींवर, म्हणून हे जास्त लागतं. १९४९ मध्ये जर्मनीतल्या ओबर्नडोर्फला वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर या माउझर या बंदुकांच्या कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी ती काढली. याच कंपनीची जुनी ३००एस आठवा: बाजूचा खटका ओढायचा, गोळी सुटताना अख्खी ॲक्शन (बॅरल आणि आतली यंत्रणा) रुळांवर मागे सरकायची आणि खांद्याला धक्का जाणवायचा नाही. स्प्रिंगची रायफल, सिलिंडरच नाही. स्प्रिंग आणि सील बदलत राहिलं की ती आजही चालते.

७०० मध्ये तोच हात दिसतो. ट्रिगरचा पहिला टप्पा संपून बोट दुसऱ्यावर टेकतं ती जागा सेट केल्यापासून केसभर हललेली नाही. बॅरल मात्र गोळ्यांच्या बाबतीत चोखंदळ आहे. डब्यावरचं नाव बघून गोळ्या घेऊ नका. शिकंजात रायफल धरून ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर दोन्ही हेडच्या (गोळीच्या डोक्याच्या व्यासाच्या) वेगवेगळ्या बॅचचे दहा-दहा गोळ्यांचे ग्रुप काढा आणि जी बॅच जमेल तिचे डबे एकदम उचला. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ अर्ध्या मिलिमीटरचं, तिथे बॅचचा फरक सरळ गुणांत दिसतो.

मोठ्या टाकीवरून सिलिंडर भरताना व्हॉल्व्ह हळू उघडा, मिनिटभर तरी लागू द्या. घाईत भरला की सिलिंडर तापतो, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर खाली येतो. मग लोक ‘लीक आहे’ म्हणून ओरडतात. १०० बारच्या खाली मी नेत नाही. पूर्ण रिकामा तर कधीच ठेवत नाही, विमानप्रवासाचा अपवाद सोडून.

खरंच लीक असेल तर आधी जागा शोधा. सिलिंडर रायफलवरून काढून मॅनोमीटरचा (दाब दाखवणाऱ्या काट्याचा) आकडा लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा, कारण गारव्यानेही काटा उतरतो. एकटा असताना उतरला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा. तिथेच राहिला आणि रायफलला लावल्यावर उतरला तर आधी जोडणीची ओ-रिंग (रबरी कडी) बदला; बहुतेक वेळा तेवढंच असतं. तिला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे चुकूनही नको. जास्त दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेऊ शकतं.

नवी घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी सिलिंडरवरच्या तारखेचा फोटो मागवा आणि ती तारीख बिलावर लिहून घ्या. सेकंडहँड असेल तर सिलिंडरची उरलेली वर्षं मोजून तेवढ्याच प्रमाणात भाव द्या. मुदत संपली असेल तर सिलिंडरची किंमत शून्य धरायची, मालक कितीही म्हणाला ‘अजून ठणठणीत आहे’ तरी.