‘मुतखडा स्पेशल’ सोडून बाकी ठीक

आमच्या बसस्टँडसमोरच्या ज्यूस सेंटरबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, मालक रोजच्या ओळखीचा आहे.

मी कंडक्टर. वऱ्हाडातला मे महिना, खिडकीतून येणारी झळ, आणि मध्येच उतरायला लागू नये म्हणून घोट-घोट पाणी पिणारे आम्ही लोक. आमच्यात मुतखडा नवा नाही. माझा खडा पडला, तपासला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, म्हणजे काही भाज्या-दाण्यांत असणारं ऑक्झलेट लघवीत कॅल्शियमशी मिळून जमलेला. बहुतेकांचा तोच असतो.

तर या दुकानात मोठा बोर्ड आहे: ‘किडनी क्लीन, मुतखडा स्पेशल’. साठ रुपये ग्लास. त्यात काय? कच्चा पालक, बीट, वरून बदामाची पूड. अहो, ऑक्झलेट सगळ्यात जास्त ज्यांत असतं ती हीच मंडळी! शंभर ग्रॅम कच्च्या पालकात ते कित्येकशे मिलिग्रॅम असतं. घरी पालक उकडून पाणी फेकलं तर त्यातलं बरंच निघून जातं, सोबत दही-ताक असलं तर त्यातलं कॅल्शियम उरलेल्या ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं आणि ते संडासवाटे बाहेर जातं. इथे अख्खी जुडी मिक्सरमधून थेट पोटात. मालकाला सांगितलं तर म्हणतो, “भाऊ, हिरवं आहे, नुकसान कसं करंल?” चव छान आहे, ज्याला खड्याचा त्रास नाही त्याने खुशाल प्यावं.

घ्यायचं ते लिंबूपाणी. वीस रुपये, लिंबू तुमच्यासमोर पिळतो, आदल्या दिवशीचा रस नाही. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरतं, खडा जमायला अडथळा होतो. मात्र आधीच सांगा, “मीठ नको, साखर नावाला.” न सांगता तो काळं मीठ आणि चाट मसाला सढळ हाताने टाकतो. काळं असो की पांढरं, मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. बिनमिठाचं मागितलं की पोऱ्या माझ्याकडे बघतो, आता तरी सवय झाली त्याला.

नारळपाणीही असतं, दर रोज वेगळा. ज्यांच्या किडनीचं कामच कमी झालंय त्यांनी त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

आमच्या ग्रुपमधले काही जण टोमॅटोच्या बिया काढून खातात, दूध बंद करतात, आणि ड्युटीवर मुठीने खारे शेंगदाणे! डॉक्टरांनी मला दूध-दही जेवणाबरोबर चालू ठेवायला सांगितलं. आणि पाणी एवढं की दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, पाणी अडीच लिटर नव्हे. उन्हाळ्यात घामाचं वेगळं धरायचं. रंग फिकट दिसला की समजायचं पुरतंय.

ग्लास धुण्याची बादली दुपारनंतर बघू नका, कागदी ग्लास मागा. बर्फ मी टाळतो. गर्दीत सुट्ट्यांची कटकट आहे, आणि ते कंडक्टरने म्हणावं म्हणजे बघा.

पाचपैकी तीन. त्यातला एक फक्त यासाठी की काही घेतलं नाही तरी फिल्टरच्या थंड पाण्याने आपली बाटली भरून देतो, कोणाचीही, पैसे न घेता.