दूधसागरचं जुनं कार्ड घ्यावं की अमेरिकेतल्या नदीकाठच्या रेल्वेचं?

जुनी रेल्वे-पोस्टकार्डं जमवायची आणि सुरुवातीला पैसे बेताचेच, तर गोव्यातल्या माणसाला हा प्रश्न पडतोच.

देखणेपणात अमेरिकन कार्ड बाजी मारतं. आर्कान्सा नदीच्या रॉयल गॉर्जमधला १८७९ चा अधांतरी पूल घ्या, किंवा फेदर नदीच्या दरीतून वळसे घेणारी गाडी. १९३०-४० च्या दशकांतली ‘लिनन’ कार्डं, म्हणजे कापडासारखा पोत उठवलेल्या कागदावरची, बेसुमार छापली गेली. त्यामुळे साधं कार्ड खिशाला परवडतं. शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीच्या कार्डावर ‘५ए’ने सुरू होणारा क्रमांक असेल, तर ते १९३५ चं. रंगांवर मात्र विसंबू नका. मूळ फोटो काळा-पांढरा. आकाशाचा निळा नि कड्यांचा तांबडा छापखान्यातल्या कलाकारांनी चढवलेला. विजेचे खांबसुद्धा खुशाल पुसून टाकत!

दूधसागरचं कार्ड यापुढे फिकं, करडं दिसतं. शिवाय सहज हाती लागत नाही आणि विकणारा भावही तसाच सांगतो. तरी मी पहिलं कार्ड हेच घेईन. दूधसागरवरून जाणारा मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १८८० च्या दशकातला, मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला. जास्त अंतराचे, ब्रॉडगेजचे रूळ १९९० च्या दशकात आले. म्हणजे कार्डावरची गाडी आता फक्त कार्डावरच दिसणार. पूल, धबधबा नि डोंगराची कड मात्र कुळ्याहून वर जाताना खिडकीतून ताडून पाहता येते. रॉयल गॉर्जला कोण जाणार?

पारख करताना चित्राइतकीच पाठ बघा. वापरलेल्या कार्डावरचं टपाल तिकीट रेईश किंवा टांगा या पोर्तुगीज अमदानीतल्या जुन्या चलनातलं असेल तर ते बहुधा १९५९ पूर्वीचं. त्या वर्षी सेंटाव्हो आणि एस्कुदो आले. पाठीवर फक्त पत्त्यालाच जागा असेल तर छपाई साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली किंवा त्याआधीची. ‘अस्सल फोटो’, म्हणजे थेट फोटोच्या कागदावर उतरवलेलं कार्ड, म्हणून विकतात त्यावर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छपाई. फोटोचा भाव देऊ नका.

आपल्या पावसाळ्यात मात्र छापील लिनन कार्ड सांभाळायला सोपं. अस्सल फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत फुगतो, काचेला चिकटतो, त्यावर बुरशी धरते. तो घेतलात तर पीव्हीसीची पिशवी टाळा, पॉलिएस्टरची वापरा, आणि मृगाआधी डब्यातली सिलिका जेलची पुडी बदला.