चोवीस तासांचा कॅन की सकाळची एक बाटली?

मला साखर (मधुमेह) निघून आठ-नऊ वर्षं झाली तेव्हा डॉक्टरांनी मूत्रपिंडासाठी लघवीची तपासणी लिहून दिली, आणि लॅबमधल्या मुलीनं विचारलं, "कुठली करायची?" गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात एका काउंटरवर मी तेव्हा उभा होतो. त्यानंतर दीड वर्षात तिन्ही प्रकार करून झाले. तुम्ही आज तिथे उभे असाल, तर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

रुटीनमधली, म्हणजे लघवीच्या नेहमीच्या तपासणीतली, रंग बदलणारी पट्टी आधी बाजूला ठेवू. जंतुसंसर्ग किंवा लघवीतलं रक्त बघायला ती चांगली, स्वस्तही आहे. पण मूत्रपिंडाची गाळणी बिघडायला लागते तेव्हा सुरुवातीला अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, लघवीत इतकं थोडं झिरपतं की पट्टीचा रंग सहसा बदलतच नाही. दिवसाला ३० ते ३०० मिलिग्रॅमचा हा टप्पा, रिपोर्टात ज्याला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात तो. पुढचा धोका इथेच ओळखता येतो, हे लंडनमध्ये व्हिबर्टी यांनी १९८२ मध्ये आणि डेन्मार्कच्या मोगेन्सेन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. त्यात तुम्ही भरपूर पाणी पिऊन गेलात, तर पातळ लघवीत पट्टीला आणखीच कमी दिसतं. माझ्या रुटीनमध्ये चार वर्षं 'निल' येत होतं आणि मी निश्चिंत होतो.

म्हणजे खरी निवड दोनांतलीच: कॅनमध्ये साठवलेली चोवीस तासांची लघवी, नाहीतर सकाळच्या एका नमुन्यावरचा एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून रोज साधारण सारखाच निघून लघवीवाटे जाणारा टाकाऊ पदार्थ) यांचं गुणोत्तर.

मला आधी कॅनच पटला होता. दिवसभराची सगळी लघवी मोजली तर चूक कुठून होणार, असा माझा हिशेब. मी शिक्षक. शाळेच्या दिवशी कॅन घेऊन जाणं शक्यच नव्हतं, म्हणून रविवार धरला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढची प्रत्येक वेळची कॅनमध्ये, आणि सोमवारी उठल्यावरची पहिलीही त्यातच. कॅन थंड जागी ठेवायचा. आमच्या फ्रीजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दूध असतं, त्यामुळे आईला ते मान्य होईना. शेवटी बादलीत बर्फ घालून मागच्या पडवीत ठेवला. हा त्रास मी सोसला असता.

दुपारी वाड्यावर सत्यनारायण होता. प्रसाद घेऊन, भजनाला बसून संध्याकाळी घरी आलो आणि तेव्हा आठवलं की दोन वेळची लघवी तिकडेच झाली. एवढ्यानं काय होतंय, असं म्हणून सोमवारी कॅन देऊन टाकला. रिपोर्ट आला २६ मिलिग्रॅम. तीसच्या आत, म्हणजे नॉर्मल. घरी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

डॉक्टरांनी मात्र खालची ओळ वाचली. एकूण क्रिएटिनिन ७०० मिलिग्रॅम. "गुरुजी, तुमचं वजन सत्तर किलो. तुमच्याकडून दिवसाला हजाराच्या वरच जायला हवं. थोडी लघवी कॅनबाहेर गेली का?" मी खरं ते सांगितलं. मग त्यांनी त्याच कागदावर २६ ला ०.७ नं भागलं. आलं ३७. म्हणजे ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ३७ मिलिग्रॅम अल्ब्युमिन, आणि तिथेही मर्यादा ३० चीच.

ज्या कागदावर माझी सुटका छापली होती, त्याच कागदावर बिघाडही होता. माझा कल तिथेच ठरला. कॅन माझ्या आठवणीवर चालतो. एक वेळ चुकली की आकडा खाली येतो, आणि खाली आलेला आकडा माणसाला हवाच असतो. एसीआरमध्ये पाणी जास्त प्यालात तर दोन्ही पदार्थ सारखेच पातळ होतात, गुणोत्तर फारसं हलत नाही. सकाळी उठल्याबरोबरची थोडीशी लघवी बाटलीत घेतली आणि साडेसातच्या कदंब बसनं शाळेत जाताना वाटेत दिली. आले ३९. तीन महिन्यांनी पुन्हा ४४. एका आकड्यावर शिक्का मारत नाहीत; तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आलं तरच धरतात. डॉक्टरांनी माझी रक्तदाबाची गोळी बदलून मूत्रपिंडालाही जपणारी टेल्मिसार्टन दिली.

एसीआरलाही एक बाजू आहे, ती सांगायलाच हवी. माझी आई अगदी काटकुळी. अंगात स्नायूच कमी, म्हणून क्रिएटिनिनही कमी, आणि कमी आकड्यानं भागलं की गुणोत्तर फुगतं. तिचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी हे लक्षात घेऊनच वाचला. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीची मोठी दमछाक यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. पायी वारी करून आल्या आल्या नमुना देऊ नका. मुतखड्याचं कारण शोधायचं असेल, किंवा डॉक्टरांनी मुद्दाम मागितला असेल, तर कॅन कराच. फक्त त्या दिवशी घराबाहेर पडू नका.

आणखी एक. आमच्या गोव्यातल्याच काणकोण तालुक्यात मूत्रपिंडाच्या रोगाचं कारण वर्षानुवर्षं शोधतायत. जगात इतरत्र शेतकरी-कामकऱ्यांमध्ये आढळणाऱ्या अज्ञात कारणाच्या अशा रोगात लघवीत अल्ब्युमिन फारसं जातच नाही. म्हणून बाटलीबरोबर रक्तातलं क्रिएटिनिनही बघून घ्या. नुसत्या क्रिएटिनिनवर थांबलात, तर मधुमेहात ते उशिरा वाढतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यातच निघालं, २६.४ टक्के. आमच्या स्टाफरूममध्येच साखरेच्या गोळ्या घेणारे तिघे आहेत. टाइप दोन असेल तर निदान झाल्या वर्षापासूनच ही तपासणी दरवर्षी करायची असते, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात दोघांनी बाटली दिली. तिसरे म्हणतात, गणेश चवथीनंतर.