खान्देशातला शरद आणि कापसाच्या कागदाची वही: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधी मत सांगून टाकते, मग बाकीचं. आर्ट जर्नलिंगसाठी, म्हणजे चित्रं आणि नोंदी एकत्र ठेवायला, हातकागदाची वही घेतली, जळगावात फुले मार्केटजवळच्या एका स्टेशनरीवाल्याकडून, साडेचारशे रुपयांना. ए फाइव्ह साइज, दोनशे जीएसएमचा (कागद किती जाड-जड ते सांगणारा आकडा) सुती कागद, दोऱ्याने शिवलेली, खादीचं कव्हर. नवरात्रात घेतली तेव्हापासून पिशवीतच असते. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा स्टार शाईसाठी कापलाय, ते खाली सांगतेच.

आता ही वही का, तर ऑटम जर्नल म्हणून ऑनलाइन शोधलं की जे किट समोर येतात त्यात मेपलची केशरी पानं, भोपळे, मफलर, कॉफीचे मग असले स्टिकर असतात. छान असतात दिसायला, माझ्या भाचीला मी स्वतः घेऊन दिलेत. पण आपल्याकडे आश्विन-कार्तिकात झाडं हिरवीगार असतात हो! पानगळ आपल्याकडे थंडी सरता सरता, माघ-फाल्गुनात. शरदात आपल्याकडे पाऊस परतलेला असतो, दुपारी ऑक्टोबर हीट नुसती भाजत असते, आभाळ धुतल्यासारखं निळं असतं आणि मैलभर कापूस फुटायला लागलेला असतो. हे कुठल्याच स्टिकर शीटवर मिळत नाही, स्वतःच काढावं लागतं. आणि मला तेच तर हवं होतं, जिथे राहतो तिथलाच ऋतू वहीत यावा, दुसऱ्या देशातला नाही.

आता कागद. सुती कागद म्हणजे गिरण्यांमध्ये उरलेल्या कापडाच्या चिंध्या, होजिअरीची कात्रणं यांचा लगदा करून साच्यावर उचललेला. झाडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा याचा धागा लांब असतो म्हणून तो पाणी पितो पण फाटत नाही, ओला झाल्यावर फार वाकत पण नाही. जळगावच्या ऑक्टोबरमध्ये हे फार महत्त्वाचं आहे कारण दुपारी बाहेर बसून साध्या ड्रॉइंग बुकवर आभाळाचा वॉश (पातळ पाणीदार रंगाचा सलग हात) टाकला तर ब्रश दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक वाळतं आणि मध्ये रेघ पडते. या कागदावर आधी साध्या पाण्याचा एक हात द्यायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत एक हात द्यायचा आणि मग निळा सोडायचा, तर मेहरूण तलावावर सकाळी नऊ वाजताच्या उन्हात पण सगळं आभाळ एका दमात उतरतं. मला हा अनुभव इतका आवडला की पहिली कितीतरी पानं नुसती आभाळाचीच झालीत.

रंग मी कॅमलिनचे वॉटर कलर केक वापरते, शाळेपासून तेच. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत शाईपासून सुरुवात केलेली ही कंपनी, आपल्या घराघरातल्या कंपासपेटीत असायचीच. महागडे आर्टिस्ट ग्रेड ट्यूब घ्यायची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे, निदान जर्नलसाठी तरी. क्रिमसन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन आणि एक निळा एवढ्यात अख्खा खान्देश निघतो. पांढरा मात्र कमीत कमी वापरा, का ते खाली कापसाच्या चित्राबद्दल सांगते तिथे वाचा.

मावशीचं शेत अमळनेर तालुक्यात आहे. तिथे बांधावर बसून काढलेली पानं या वहीतली सगळ्यात चांगली आहेत असं मला वाटतं. कापसाचं फूल कोणी नीट बघत नाही. पहिल्या दिवशी उमलतं तेव्हा फिक्कट पिवळसर पांढरं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग गळतं आणि खाली बोंड राहतं. म्हणजे एकाच झाडावर एकाच वेळी पिवळसर आणि गुलाबी दोन्ही फुलं, खाली हिरवी बोंडं, आणि सगळ्यात खाली फुटलेला पांढरा कापूस. एका पानावर सगळं काढलं मी, फांदी खालून वर, बाजूला बारीक अक्षरात पाती, फूल, बोंड, कापूस असं लिहिलं. आणि पांढरा रंग लावायचाच नाही, कापसाच्या जागी कागद तसाच सोडायचा आणि भोवतीची पानं, बोंडाची वाळलेली तपकिरी पाकळी, सावली एवढंच रंगवायचं. कागद पण कापसाचाच, त्यामुळे त्या जागी हात फिरवला की थोडा खरखरीत लागतो, त्या पानावर माझा फार जीव आहे.

आणि ज्यांना शरदातला लाल रंग हवाच आहे त्यांच्यासाठी आपल्याकडे लाल्या आहे. कापसाची पानं कडेने लाल व्हायला लागतात, मग पूर्ण तांबडी, मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, रात्री गार व्हायला लागल्या, तुडतुड्याने रस शोषला, अशी बरीच कारणं असतात. दिसतं इतकं देखणं की क्रिमसनमध्ये थोडा बर्न्ट सिएना मिसळून मी भराभर पान भरत होते, शिरा हिरव्या ठेवून. मावशी मागे उभी होती, म्हणाली, "हाऊ रंग तुले चांगला दिखस माय, आमना ते जीव जास." तिचं वाक्य मी त्या पानाखालीच लिहून ठेवलंय, तारखेसकट. जर्नल हे सुंदर दिसण्यासाठीच असतं असं मला नाही वाटत, ज्या पानामुळे बोंड नीट भरत नाही आणि वेचणी कमी होते ते पान नुसतं रंगाचं म्हणून काढणं मला बरोबर वाटेना, म्हणून शेजारच्या पानावर मावशीलाच विचारून कुठल्या वावरात किती लाल्या, काय फवारलं, हे पण लिहिलं. पुढच्या वर्षी तिलाच बघायला उपयोगी पडेल.

आता शाईचं. फाउंटन पेनाने लिहिलं की अक्षर फुटतं, केसाळ होतं. दुकानदाराने विकताना सांगितलं होतं की पेन चालेल, तर नाही चालत, निदान माझ्या वहीत तरी नाही. कारण सोपं आहे, या कागदाला खळ कमी बसलेली आहे. जुन्या काळी हातकागद बनवणारे तांदळाची नाहीतर गव्हाची खळ लावून कागद वाळवायचे आणि मग गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणून तर जुन्या पोथ्यांमधली बोरूची अक्षरं अजून कोरलेली वाटतात. मी घरी तेच करते, भाताची पातळ पेज गाळून रुंद ब्रशने पानावर एक हात, सावलीत वाळवायचं, मग वाटीच्या बुडाने घोटायचं. जिथे लिहायचं आहे तेवढीच जागा घोटायची, जिथे वॉश टाकायचा ती तशीच. वेळ लागतो पण मला त्यात मजा येते. ज्यांना एवढं नको त्यांनी वॉटरप्रूफ पिगमेंट पेन घ्या, ते बरंच कमी फुटतं. बॉलपेन तर बिनधास्त चालतो.

हे घोटायचं वगैरे डोक्यात आलं ते एरंडोलमुळे. आपल्याकडच्या बऱ्याच जणांना माहीत नसतं की एरंडोल आणि यावल ही गावं एके काळी हाताने बनवलेल्या देशी कागदासाठी नावाजलेली होती, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. म्हणजे कागद आपल्याच जिल्ह्यात बनायचा! मी पद्मालयला गेले होते, एरंडोलपासून जवळच, गणपतीचं दर्शन घेतलं आणि मग तळ्याकाठी बसून कमळं काढली. कमळाचं पान काढायला या कागदाचा खरखरीतपणा उपयोगी पडतो, कोरडा ब्रश नुसता ओढला की पानावरची ती पांढुरकी चमक आपोआप येते. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की फुलं मिटायला लागतात.

बाहेर जाऊन जर्नल भरायला सगळ्यात भारी दिवस मात्र चाळीसगावचा. जळगावहून सकाळी रेल्वेने गेलं तर आधी छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन, स्टेशनच्या जवळच आहे, आणि मग पाटणादेवी. केकी मूस (1912 ते 1989) यांनी आयुष्यातली कितीतरी दशकं त्या एका बंगल्यात काढली, जवळजवळ बाहेर न पडता, आणि तिथेच फोटो, चित्रं, शिल्पं, कागदाच्या घड्यांच्या वस्तू असं सगळं केलं. त्यांचे टेबलटॉप फोटो बघाच, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून आणि उजेड टाकून असं दृश्य उभं केलंय की खरं ठिकाण वाटावं. मला ते बघून फार बळ आलं कारण जर्नल करणाऱ्यांना सारखं वाटतं की कुठेतरी लांब फिरायला गेल्याशिवाय पान भरणार नाही. घरच्या ओट्यावरची सीताफळं, दसऱ्याची आपट्याची पानं, भुलाबाईच्या खाऊचा डबा यावर पण पानं होतात, आणि माझी ती पानं फिरतीच्या पानांपेक्षा जास्त भरलेली आहेत.

पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात आहे, पावसाळा नुकताच संपलेला असतो त्यामुळे डोंगर हिरवे आणि झऱ्यांना पाणी. इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद आहे, मठ त्यांचा नातू चांगदेव याने काढलेला आणि लेख 1207 चा, हे वाचून गेलात तर देवळाकडे वेगळ्या नजरेने बघाल. एक विनंती, अभयारण्यातली पानं-फुलं तोडून वहीत चिकटवू नका. काढा, रंगवा, खाली पडलेल्या पानावर कागद ठेवून मेणखडूने घासून ठसा घ्या, पान तिथेच राहू द्या.

चिकटवायचंच असेल तर तिकिटं. पण एसटीचं मशीनमधून निघालेलं तिकीट चिकटवून निश्चिंत राहू नका, तो थर्मल कागद असतो, काही महिन्यात अक्षरं उडतात, म्हणून गाव, तारीख, भाडं शेजारी हाताने लिहून घ्या. आणि फेविकॉल घट्ट लावला की हा कागद आकसतो, गव्हाच्या पिठाची पातळ खळ बरी, फक्त त्यात चिमूटभर मोरचूद टाकतात तसं काही घरी लहान मुलं असतील तर टाकू नका, ते विषारी असतं. त्याऐवजी वहीत कडुनिंबाची वाळलेली पानं ठेवा, कसर लागू नये म्हणून आमच्याकडे कपड्यात पण तीच ठेवतात.

अजून एक गोष्ट जी मला या वहीमुळे सापडली. थंडीची चाहूल लागली की भरीत पार्ट्या सुरू होतात, हिरवी मोठी वांगी पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) काड्यांवर भाजायची, मग लाकडी बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी. भाजून झाल्यावर ज्या काड्या अर्धवट जळून काळ्या पडतात त्या गार झाल्यावर उचला. उत्तम चारकोल! सुती कागदावर इतका मखमली काळा उतरतो की दुकानातल्या विलो चारकोलची आठवण होत नाही. सगळी मंडळी गोल करून बसलेली, धूर, मध्ये आडवी वांगी, हे सगळं मी त्याच पऱ्हाटीच्या कोळशाने त्याच शेतात काढलं. वरून बटर पेपर लावून ठेवा, नाहीतर समोरच्या पानावर सगळं उमटतं.

बाइंडिंगबद्दल थोडक्यात, वही टेबलावर पूर्ण उघडी राहते, दोरा अजून ढिला झालेला नाही, पण बंद ठेवायला इलॅस्टिक नाही आणि चिकटवलेल्या वस्तूंनी फुगली की उघडीच राहते, मी साडीची जुनी लेस बांधली आहे. पानांची जाडी सारखी नाही, काही पातळ निघतात, ती लिहायला ठेवा.

घेणार असाल तर दिवाळी होईपर्यंत नका थांबू, वेचणी सुरू आहे आणि शेतं आत्ताच बघण्यासारखी आहेत. दुकानात गेलात की एकशेवीस जीएसएमची पण दाखवतील, स्वस्त आहे पण वॉश झेपत नाही तिला, दोनशेचीच मागा. आणि दुकानदाराला एक सुटा कागद मागून त्यावर बोटाने पाण्याचा थेंब टाका, थेंब लगेच आत शोषला गेला तर खळ कमी आहे, काही सेकंद वर टिकला तर ती घ्या, तिच्यावर पेनानेही लिहिता येईल.