लेझीगिट: बरेच महिने रोज वापरल्यावरचा अनुभव

लेझीगिट टाकलं तेव्हा एवढंच डोक्यात होतं की कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या लांबलचक कमांड टाइप करायचा वैताग वाचेल. तो वाचतोच, पण इतके महिने रोजच्या कामात वापरल्यावर मला विचाराल तर याची खरी किंमत कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, कळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिट वापरण्यासाठीचं, टर्मिनलमध्येच चालणारं ओपन सोर्स टूल आहे, गो भाषेत लिहिलेलं, जेसी डफिल्डने 2018 मध्ये सुरू केलं. रिपॉझिटरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या, फोल्डरमध्ये जाऊन चालू केलं की डावीकडे स्टेटस, फाइल्स, ब्रँच, कमिट, स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) अशी पॅनल एकाखाली एक दिसतात, 1 ते 5 दाबून त्यात फिरायचं, आणि जे निवडलंय त्याचा डिफ, म्हणजे नेमकं काय बदललं ते, उजवीकडे. कुठली की काय करते ते आठवलं नाही तर प्रश्नचिन्ह दाबा, यादी येते.

आता मुद्द्याचं. बग शोधता शोधता आपण वाटेत एखाद्या व्हेरिएबलचं नाव सुधारतो, दोन-तीन ठिकाणी प्रिंट टाकतो, आणि शेवटी खरा फिक्स निघतो एका कंडिशनमधला, एका लाइनचा, आणि हे सगळं एकाच फाइलमध्ये झालेलं असतं. पूर्ण फाइल ॲड केली की सगळं एकाच कमिटमध्ये कोंबलं जातं. गिटमध्ये ॲडला पॅचचा, म्हणजे फाइलमधले निवडक बदलच घ्यायचा, ऑप्शन आहे हे मान्य, पण बदललेल्या लाइनी एकमेकींना चिकटून असल्या की तो हंक, म्हणजे बदलांचा तुकडा, स्प्लिट होत नाही, मग पॅच हाताने एडिट करत बसा, आणि दिवसाच्या शेवटी एवढं कोण करतं? इथे फाइलवर एंटर मारायचा, हव्या त्या लाइनवर जायचं, स्पेस दाबायचा, झालं स्टेज, म्हणजे पुढच्या कमिटसाठी निवडून ठेवलं. ए दाबून एक लाइन की अख्खा हंक ते बदलता येतं. आधी फिक्सची लाइन कमिट केली, मग नावातला बदल वेगळा कमिट केला आणि उरलेल्या प्रिंटवर डी दाबून त्या उडवल्या, की काम स्वच्छ. पुढे कधी बायसेक्ट करत, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटपासून आला ते शोधत, त्या कमिटवर पोचलात तर समोर एकच लाइन असते, आणि रिव्हर्ट करायची, म्हणजे तो कमिट उलटवायची, वेळ आली तरी नको ते सोबत जात नाही. हे आधीही माहीत होतंच हो, पण सोपं झालं म्हणून रोज व्हायला लागलं.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे जुन्या कमिटमध्ये भर घालणं. चार कमिट मागे काही राहून गेलं असेल तर बदल स्टेज करायचा, कमिट पॅनलमध्ये तो जुना कमिट निवडायचा आणि कॅपिटल ए, की बदल त्याच्यातच जाऊन बसतो, मधला रीबेस, म्हणजे नंतरचे कमिट त्यावर पुन्हा रचणं, तेच टूल करतं. कमिट वर-खाली सरकवणं, एस दाबून खालच्यात मिसळणं, आर दाबून मेसेज बदलणं, सगळं तिथल्या तिथे. आणि मागे कुठली गिट कमांड चालली ते कमांड लॉगमध्ये दिसतं, त्यामुळे नवीन माणसाला गिट शिकायलाही हे बरं पडतं असं माझं मत आहे.

सावध कुठे राहायचं तेही सांगते. झेड दाबून अनडू होतं ते रीफ्लॉगच्या, म्हणजे गिट स्वतः ठेवतं त्या हालचालींच्या नोंदीच्या, जोरावर, म्हणजे कमिट आणि ब्रँचपुरतं. कमिट न केलेले बदल डिस्कार्ड केले तर झेड ते परत आणत नाही. शिवाय स्मॉल पी म्हणजे पुल (सर्व्हरवरचे बदल आणणं) आणि कॅपिटल पी म्हणजे पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं), हा फरक हाताला बसेपर्यंत जरा सावकाश घ्या. रीबेसनंतर पुश करताना फोर्स पुश करू का, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास आपल्याने बदलू का, असं विचारतं, टीमच्या शेअर्ड ब्रँचवर काम असेल तर कॉन्फिगमध्ये फोर्स पुश बंदच करून ठेवा, मी ठेवलंय.

दर 60 सेकंदांनी ते आपणहून फेच करतं, म्हणजे सर्व्हरवर नवीन काय आलं ते आणतं, हे मला नको होतं, तेही बंद करता येतं. अवाढव्य रिपॉझिटरीत मात्र जड वाटतं, कारण फाइल्सचं स्टेटस ते सारखं ताजं करत राहतं.

आणि एक कमी मला रोज जाणवते ती ब्लेमची, म्हणजे कुठली लाइन कुणी कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवण्याची. त्यासाठी टिग हे टर्मिनलमधलंच दुसरं टूल वेगळं ठेवलंय. टिगमध्ये फाइलचं ब्लेम उघडून एखाद्या लाइनवर कॉमा दाबला की ती लाइन ज्या कमिटमध्ये बदलली त्याच्या आधीची फाइल ब्लेमसकट समोर येते, परत कॉमा दाबला की अजून मागे, असं जात जात ती कंडिशन मुळात कशासाठी टाकली होती तिथपर्यंत पोचता येतं. हे लेझीगिटमध्ये आलं तर मी दुसरं काही उघडणारच नाही.